ह्यूस्टनच्या मशिदीसमोरचे दोन मोर्चे

१८ एप्रिल २०१९ रोजी सोलापूर लोकसभा मतदारसंघात मतदान होते. आम्हा शिक्षकांच्या नशिबी निवडणुकीची ड्युटी ठरलेलीच. मतदारांच्या बोटाला शाई लावायचे काम माझ्याकडे होते. दिवसभर ऊन, रांगा, बायकांच्या कडेवरची मुले. संध्याकाळी यंत्रे सीलबंद करून साहित्य जमा करण्याच्या रांगेत आम्ही उभे होतो. त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट म्युलर यांचा ४४८ पानी चौकशी अहवाल लोकांसमोर आला. २०१६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत रशियाने केलेल्या ढवळाढवळीचा तो अहवाल. मला त्या रात्री यातले काहीच ठाऊक नव्हते. पाय सुजले होते आणि घरी जाऊन झोपायचे होते.

अहवालाबद्दल मी सावकाश, उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचले. त्यातल्या आणि त्याआधीच्या आरोपपत्रातल्या काही गोष्टी वाचून मात्र झोप उडाली, कारण त्यात आपला, म्हणजे मुसलमानांचा, वापर झाला होता. आपल्याकडे या चौकशीबद्दल जे थोडेफार छापून आले, ते ट्रम्प आणि पुतिन यांच्याभोवतीच फिरत राहिले. ही बाजू फारशी कोणी सांगितली नाही, म्हणून आज लिहिते आहे.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात भर बाजारपेठेत इस्लामिक दावा सेंटर आहे. बँकेची जुनी दगडी इमारत घेऊन बास्केटबॉलचे नामवंत खेळाडू हकीम ओलाजुवान यांनी ते उभे केले. २१ मे २०१६ च्या दुपारी या सेंटरसमोर दोन जमाव जमले. 'टेक्सासचे इस्लामीकरण थांबवा' असे म्हणणारे दहा-बारा लोक एका बाजूला, आणि त्यांच्या विरोधात घोषणा देणारे पन्नास-साठ लोक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. मध्ये पोलीस. शिवीगाळ झाली. सुदैवाने त्यापलीकडे काही झाले नाही. पहिल्या जमावाला 'हार्ट ऑफ टेक्सास' या फेसबुक पेजने बोलावले होते. सेंटरच्या नव्या ग्रंथालयाचे निमित्त करून 'इस्लामी ज्ञान वाचवा' म्हणत त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी दुसऱ्या मेळाव्याची हाक दिली होती 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' या पेजने.

ही दोन्ही पेजे एकाच ठिकाणाहून चालत होती. रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' नावाची कंपनी होती. तिथे पगारी माणसे पाळ्या लावून अमेरिकन नावांनी लिहीत बसत. कोणी गोरा देशभक्त, कोणी कृष्णवर्णीय कार्यकर्ता, तर कोणी दीनदार मुसलमान. पैसा येवगेनी प्रिगोझिन यांचा. हॉटेल आणि खानपानाच्या धंद्यातून वर आलेले हे गृहस्थ 'पुतिन यांचे आचारी' म्हणून ओळखले जात. ह्यूस्टनच्या दोन्ही मेळाव्यांच्या जाहिरातींवर मिळून खर्च झाला होता सुमारे दोनशे डॉलर, त्या वेळच्या हिशोबाने तेरा-साडेतेरा हजार रुपये. आमच्याकडे वॉर्डातल्या सभेच्या मंडपालाही याहून जास्त लागतात.

'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' हे नावही चोरलेले होते. कॅलिफोर्नियात या नावाची खरीखुरी जुनी संस्था होती, सर्वधर्मीय सलोख्याचे काम करणारी. तिच्या नावावर या मंडळींनी तीन लाखांहून अधिक अनुयायी जमवले. इस्लामविषयी अभिमान वाटावा अशा गोष्टी, हिजाबातल्या हसऱ्या मुलींची चित्रे, मुसलमानांवरील अन्यायाच्या बातम्या, असा सगळा मजकूर. त्यातले बरेचसे कोणालाही आवडेल असेच होते. आधी आवडते ते द्यायचे, विश्वास बसला की मग हवे ते गळी उतरवायचे.

हवे ते काय होते, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये म्युलर यांनी १३ रशियन व्यक्ती आणि ३ कंपन्यांवर ठेवलेल्या आरोपपत्रात आहे. जुलै २०१६ मध्ये वॉशिंग्टनला 'हिलरींना पाठिंबा द्या, अमेरिकन मुस्लिमांना वाचवा' असा मेळावा याच मंडळींनी भरवला. तिथे एका खऱ्या अमेरिकन माणसाला तयार करून त्याच्या हाती फलक दिला. फलकावर हिलरी क्लिंटन यांचे चित्र, आणि शरिया कायदा म्हणजे स्वातंत्र्याची नवी दिशा ठरेल अशा अर्थाचे वाक्य त्यांच्या तोंडी घातलेले. हे फोटो पाहून घाबरणारा घाबरणार आणि क्लिंटन यांच्यापासून दूर जाणार, हा हिशोब. पुढे ऐन मतदानाच्या तोंडावर याच पेजने मुसलमानांत पसरवले की अमेरिकन मुस्लिम या निवडणुकीवर बहिष्कार टाकत आहेत, कारण क्लिंटन यांनी इराकवरील हल्ल्याच्या बाजूने मत दिले होते. मत दिले होते हे खरे. बहिष्काराची गोष्ट मात्र सेंट पीटर्सबर्गमध्ये शिजलेली. एकाच हाताने तुमच्या शेजाऱ्याला तुमची भीती घालायची, आणि दुसऱ्या हाताने तुम्हाला घरी बसवायचे. कृष्णवर्णीय अमेरिकनांवर तर हा मारा सर्वांत जास्त झाला, असे सिनेटच्या समितीने २०१९ मध्ये नोंदवले.

आता हे बाहेर आल्यावर लोकांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी सिनेटच्या समितीसमोर फेसबुक, ट्विटर आणि गुगलच्या वकिलांना बसवले होते. समितीचे अध्यक्ष रिचर्ड बर हे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी ह्यूस्टनची दोन्ही पोस्टर्स शेजारी शेजारी लावून सगळा प्रकार समजावून सांगितला. रशियन मजकूर १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोचला असावा, असा फेसबुकचाच अंदाज होता. वाटले असते की एवढे डोळ्यांनी पाहिल्यावर दोन्ही बाजूंचे लोक म्हणतील, 'अरे, आपल्याला एकमेकांवर सोडले होते!' असे म्हणणारे फार थोडे निघाले.

फ्लोरिडातल्या एका वयस्कर बाईंनी ट्रम्प यांच्या समर्थनार्थ सभा भरवली होती. तिला रशियन पेजचा हात लागला होता, हे आरोपपत्रानंतर उघड झाले. टीव्हीचा वार्ताहर कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या अंगणात गेला. बाईंनी साफ नाकारले. आपले लोक आपण ओळखतो, रशियन कुठून येणार, असा त्यांचा सूर. नंतर अनोळखी लोकांनी इंटरनेटवर त्यांना वाट्टेल ते लिहिले. फसवणाऱ्याला कोणी काही करू शकले नाही, फसलेली म्हातारी मात्र सगळ्यांच्या हाती सापडली. मला त्या बाईंचा राग येत नाही. का, ते पुढे सांगते.

उरलेला देश दोन तंबूंत बसला. एका तंबूत म्युलर म्हणजे जणू वलीअल्लाह. त्यांचे चित्र असलेल्या मेणबत्त्या विकल्या गेल्या, टी-शर्ट निघाले, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात रॉबर्ट डी निरो म्युलर बनून आले. दुसऱ्या तंबूत ही चौकशी म्हणजे चेटकीण ठरवून एखाद्याच्या मागे लागणे, कारण ट्रम्प रोज तेच सांगत होते. रशियाने काय केले हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडला, आणि ट्रम्प सुटणार की अडकणार एवढाच उरला.

म्युलर यांनी २२ मार्च २०१९ ला अहवाल दिला. दोनच दिवसांनी अॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी चार पानांचे पत्र काढले, आणि ट्रम्प यांनी आपण पूर्ण निर्दोष ठरल्याचे जाहीर केले. मूळ अहवाल, काही मजकूर काळा करून, बाहेर यायला १८ एप्रिल उजाडला. पंचवीस दिवस लोक चार पानांवर भांडले. अहवालात होते असे : रशियाने पद्धतशीरपणे आणि मोठ्या प्रमाणावर हस्तक्षेप केला, ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियन सरकारशी कट केल्याचे सिद्ध झाले नाही, आणि चौकशीत अडथळा आणण्याच्या प्रश्नावर ट्रम्प यांना गुन्हेगारही म्हटलेले नाही, निर्दोषही म्हटलेले नाही. हे तिन्ही एकदम डोक्यात ठेवणे अवघड जाते. प्रत्येकाने आपल्या सोयीचे एक उचलले.

अहवाल पुस्तकरूपाने आला आणि भरपूर खपला. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये नटनट्यांनी त्याचे नाट्यवाचन केले. पण विकत घेणे वेगळे आणि वाचणे वेगळे, हे शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारी सांभाळणाऱ्या मला कोणी सांगायला नको. मिशिगनचे रिपब्लिकन खासदार जस्टिन अमाश यांनी तो अख्खा वाचला. वडील पॅलेस्टिनी निर्वासित, आई सीरियाची, कुटुंब ख्रिस्ती. वाचून त्यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊन सांगितले की ट्रम्प यांचे वर्तन महाभियोग चालवण्याजोगे आहे. त्यानंतर ग्रँड रॅपिड्स शहरात त्यांनी मतदारांची सभा घेतली. सभेनंतर एका ट्रम्प-समर्थक बाईंनी पत्रकाराला सांगितले की अहवालात ट्रम्प यांच्याविरुद्ध काही आहे हेच आपल्याला आज कळले, आपण पाहतो त्या बातम्यांत ते कधी आलेच नव्हते.

२४ जुलैला म्युलर स्वतः संसदेच्या समित्यांसमोर आले. वय ७४. उत्तरे तुटक, कधी प्रश्न पुन्हा विचारायला सांगत. रशियाचे लोक आत्ता आपण इथे बसलो असतानाही हेच करीत आहेत, असे त्यांनी बजावले. टीव्हीवरची चर्चा मात्र म्हातारे किती थकलेले दिसत होते यावर. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी युक्रेनच्या अध्यक्षांना तो फोन केला, ज्यावरून पुढे महाभियोग झाला. आणि प्रिगोझिन यांनी २०२२ मध्ये स्वतःच कबूल केले की होय, आम्ही हस्तक्षेप केला आणि करीत राहू. २०२३ मध्ये ते विमान अपघातात गेले. त्या कबुलीची चर्चा आठवडाभरही टिकली नसेल.

आता त्या फ्लोरिडाच्या बाईंबद्दल. आमच्या सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर २०१९ च्या निवडणुकीआधी वर्षभर एका पेजचा मजकूर यायचा. हिरवा घुमट, रोज सकाळी एक हदीस, शुक्रवारी जुम्मा मुबारक. मी स्वतः तो मजकूर शाळेतल्या मैत्रिणींना पाठवला आहे, एकदा नव्हे, कित्येकदा. निवडणूक जवळ आली तसे त्यावर येऊ लागले की कोणताच पक्ष आपला नाही, यंदा घरी बसा. मी दिराला विचारले, हे पेज चालवते कोण? तो म्हणाला, "भाभी, अपनेच लोगां का है ना, देखते नै क्या?" मीही तेवढ्यावर गप्प बसले. निकालानंतर थोड्याच दिवसांत ते पेज बंद झाले. कोणाचे होते, आजतागायत माहीत नाही. असेलही एखाद्या भोळ्या, खरोखर चिडलेल्या आपल्याच मुलाचे.

उर्दूच्या तासाला मी 'तहकीक' हा शब्द शिकवते. मराठीने तो तहकीकात म्हणून पोलीस ठाण्यात नेऊन बसवला, पण मुळात त्यात 'हक' आहे, खरे काय ते गाठणे. सूरह हुजुरातमध्ये बातमी आणणाऱ्याची बातमी तपासून घ्यायला सांगितले आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. आपल्याविरुद्धची बातमी आपण तपासतोही. आपल्याला आवडलेली कितीदा तपासली, हे मी त्या सुट्टीत स्वतःला विचारले, आणि उत्तर चांगले आले नाही.

ड्युटीच्या त्या दिवशी दुपारी बुरख्यातल्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या होत्या. शाई लावताना त्या मला म्हणाल्या, "पोरं बोल्यां जाऊ नको. मैं बोली, मैं जाती." त्यांना कोणी आणि कशावरून जाऊ नको म्हटले होते, हे विचारायला मागे रांग फार मोठी होती.