ब्रॉयलरचे आतडे आणि वनस्पतिजन्य खाद्यपूरके

सुरतच्या नवागाम भागात खान्देशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या गावाकडच्या रेल्वेमार्गावरील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लूमुळे लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच वर्षी १ जानेवारीपासून युरोपीय संघाने कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास बंदी केली. अल्प मात्रेमुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू फोफावतात, हे त्याचे कारण. भारतात २०१९ मध्ये कुक्कुटपालनातील कोलिस्टिनवर बंदी आली.

पर्याय म्हणून लसूण, हळद व ओवा यांचा अभ्यास होतो. ओव्यातील थायमॉल जिवाणूंचे पेशीपटल दुबळे करते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्ससारखे आतडे कुजविणारे जिवाणू आटोक्यात राहिल्यास आतड्यातील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे शाबूत राहून अन्नशोषण सुधारते. मात्र प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. थायमॉलचे प्रमाण वाण, जमीन व साठवणीनुसार बदलते, शिवाय खाद्याच्या गोळ्या करताना उष्णतेने तेल उडते. ‘मूठभर ओवा’ हे स्वयंपाकघरातले माप येथे कुचकामी ठरते.

बर्ड फ्लू विषाणूजन्य आहे. त्यावर ही पूरके उपाय नव्हेत. ‘हर्बल’ खाद्याची जाहिरात वर्गात वाचताना रोग जिवाणूंचा की विषाणूंचा, हा प्रश्न शिक्षकांनी प्रथम विचारावा, मात्रेचा नंतर.