बंधाऱ्याचा आकडा आणि घराचा उंबरठा

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांचे लक्ष एका आकड्याकडे लागलेले असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशाऱ्याची पातळी व ४३ फुटांवर गेले की धोक्याची पातळी समजली जाते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून हा आकडा प्रसिद्ध होतो आणि मोबाइलवरून घरोघर पोहोचतो. २०१९ च्या ऑगस्टमध्येही तो पोहोचतच होता. तरीही पाणी ५५ फुटांच्या वर चढले तेव्हा असंख्य कुटुंबे घरातच अडकून पडली. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे तर ८ ऑगस्ट रोजी पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि त्यात अनेकांना प्राण गमवावे लागले.

सूचना मिळूनही माणसे का थांबली? २००५ साली पाणी जेथवर आले होते त्यापुढे ते येणार नाही, अशी पुष्कळांची समजूत होती. दुसरे असे की, बंधाऱ्यावरील आकडा आपल्या उंबरठ्याच्या भाषेत कोणी सांगितलेला नव्हता. ‘पाणी ४६ फूट’ म्हणजे कोणाच्या गोठ्यात पाणी, हे ज्या गावास ठाऊक नाही त्या गावास तो आकडा कळूनही न कळल्यासारखाच होय.

गावाने आपला ऑनलाइन मंच उभारावयाचा तो याच कामासाठी. त्यास मोठा खर्च लागत नाही. मोबाइलवर उघडणारा एक सामाईक तक्ता, एक नकाशा आणि सूचनांसाठी एक व्हॉट्सॲप गट एवढ्यावर तो उभा राहतो. खरे श्रम आहेत ते तक्ता भरण्याचे. २०१९ व २०२१ च्या पुराच्या खुणा अद्याप अनेक भिंतींवर आहेत. त्या खुणांवरून, आणि पाणी दारात आले त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होते हे जुन्या बातम्यांतून व जाणत्यांच्या आठवणीतून ताडून, प्रत्येक घरापुढे आकडा लिहावा. मोबाइलने दाखविलेल्या उंचीवर विसंबू नये. तीत कित्येक फुटांची चूक निघू शकते आणि पुरात एक फूटही फार असतो. शिरोळ तालुक्यातील गावांनी केवळ राजाराम बंधाऱ्याकडे पाहून चालणार नाही. कृष्णा चढलेली असली की तेथे पंचगंगेचे पाणी तुंबते. म्हणून त्यांच्या तक्त्यात दोन्ही नद्यांचे आकडे हवेत.

परंतु तक्त्यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा घराचा नसून रस्त्याचा आहे. पुष्कळ गावांत घरात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी ओढ्यावरचा पूल बुडतो आणि गावाचे बेट होते. निघावयाचे ते हा रस्ता बुडण्यापूर्वी. जनावरांना तर त्याहूनही अगोदर हलविले पाहिजे. म्हैस सहजी नावेत चढत नाही, आणि म्हैस मागे ठेवून धनी निघत नाही, हे २०१९ मध्ये गावोगाव दिसून आले. सबब जनावरे किती, ती कोणत्या उंच जागी बांधावयाची आणि वैरण कोठून यावयाची, हे त्याच तक्त्यात असावे. ट्रॅक्टर कोणाकडे आहे, नाव कोणाकडे आहे, पोहणारे कोण, हेही लिहावे.

आजारी, अंथरुणाला खिळलेली, गरोदर अथवा एकटी राहणारी माणसे कोणत्या घरी आहेत याची नोंद अवश्य करावी. परंतु ती सर्वांस खुली ठेवू नये. एकट्या वृद्धेचे घर कोणते, हे चोरासही कळता कामा नये. सरपंच, पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती आणि त्या आळीची जबाबदारी घेतलेला शेजारी, एवढ्यांनीच ती पाहावी.

सूचनांच्या गटावर दोघा-तिघांनीच लिहावे, असा निर्बंध आरंभीच घालावा. धरणाचे दरवाजे उघडल्याच्या खोट्या वार्ता पुराच्या रात्री पाण्यापेक्षा वेगाने पसरतात. प्रत्येक सूचनेत वेळ, पातळी आणि ‘आता कोणत्या आळीने निघावे’ एवढेच असावे. विजेच्या धोक्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवणे शेतात काम करणाऱ्यांस हितावह आहे.

राहता राहिला प्रश्न वीज जाण्याचा. पुरात वीज जाते, मागोमाग मोबाइलचा मनोरा बंद पडतो आणि ऑनलाइन मंच नेमका गरजेच्या वेळी मुका होतो. शिवाय प्रत्येक घरी मोबाइल असतोच असे नाही. म्हणून दर दहा-बारा घरांमागे एक शेजारी नेमून त्याने दारावर जाऊन सांगावे, देवळाच्या भोंग्याचा संकेत ठरवावा, आणि मृग लागण्यापूर्वी तक्ता तपासून त्याच्या छापील प्रती काढाव्यात. एक प्रत पोलीस पाटलाकडे, एक शाळेत व एक प्रत्येक आळीत ठेवावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक प्रतीवर ठळक अक्षरांत असावा, आणि प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला उंच टांगावी.