गढूळ पाणी आणि रक्ताची परीक्षा

बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी शुद्ध करून उल्हासनगर-अंबरनाथ परिसराला पुरवले जाते. पावसाळ्यात त्या बाजूच्या ओढ्याचे पेलाभर पाणी घ्या आणि त्यातून बॅटरीचा झोत सोडा. मातीच्या सूक्ष्म कणांमुळे प्रकाश बाजूंना विखुरतो आणि झोताची वाट स्पष्ट दिसते. जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याचा गढूळपणा याच तत्त्वावर मोजतात. ल्यूकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णावर लक्ष ठेवतानाही हेच तत्त्व उपयोगी पडते. ते कसे, हे पाहू.

एरवी शरीरात जंतू शिरले की बहुधा रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात, जखमेत पू होतो. ल्यूकेमियात या पेशीच बिघडलेल्या असतात आणि औषधांनी त्यांची संख्या आणखी घटते. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दर घन मिलिमीटर रक्तात ५०० हून कमी झाल्या, तर पू न होताही संसर्ग पसरतो. मग त्याचा सुगावा कसा लागणार?

येथे यकृत मदतीला येते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात एक पदार्थ आढळला. न्यूमोनियाच्या जंतूंतील ‘सी’ नावाच्या घटकाशी त्याचा साका बनत असे. तेच ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’ किंवा सीआरपी. शरीरात दाह सुरू होताच यकृत हे प्रथिन काही तासांत रक्तात सोडू लागते. निरोगी माणसात ते लिटरला सहसा १० मिलिग्रॅमहून कमी असते. गंभीर संसर्गात १०० च्याही वर जाते.

ते मोजण्यासाठी रक्तद्रवात प्रतिपिंडे मिसळतात. ती सीआरपीला चिकटून पुंजके बनतात आणि द्रव गढूळ होतो. या गढूळपणाचा प्रकाशावर होणारा परिणाम मोजला की सीआरपीचे प्रमाण कळते!

किरणोत्सारी पदार्थाप्रमाणे सीआरपीलाही अर्धायुष्य असते, सुमारे १९ तासांचे. समजा, प्रमाण १६० आहे आणि निर्मिती पूर्ण थांबली, तर १९ तासांनी ते ८० आणि ३८ तासांनी ४० होईल. म्हणून डॉक्टर एका आकड्यापेक्षा रोजच्या आलेखाकडे पाहतात. आलेख उतरला, तर औषध लागू पडत असावे. चढाच राहिला, तर बुरशीसारखे दुसरे कारण शोधावे लागते.

मात्र सीआरपी जंतूचे नाव सांगत नाही, आणि कर्करोगामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळेही ते वाढते. म्हणून रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची परीक्षाही करतात. शिवाय न्यूट्रोफिल कमी असताना ताप आला, तर कोणत्याही अहवालासाठी न थांबता प्रतिजैविके सुरू करतात. बदलापूरहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी जाणाऱ्या अशा रुग्णाला रात्री घरी ताप आला, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. तेव्हाच डॉक्टरांना कळवून जवळचे रुग्णालय गाठावे.