अडॅप्टर बसला म्हणजे कार्ड चाललं, असं नाही

काटोलच्या घरात गेमचा डबा येतो तो बहुतेक नागपूरहून. कोणाला बर्डीवर सेकंडहँड मिळतो, कोणाचा पुण्यात नोकरीला लागलेला मामेभाऊ स्वतःला नवा घेतो आणि जुना गावी धाडून देतो. सोबत दोन रिमोट, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर आणि ओरखडे पडलेल्या चार डिस्क येतात. मेमरी कार्ड तेवढं राहून जातं. मग पोरगं मोबाइलच्या दुकानात जातं आणि दुकानदार काउंटरवर अडॅप्टरांचा खोका उपडा करतो. "बसते ना भाऊ, मंग चालते," एवढं एक वाक्य, आणि सौदा होतो.

या विषयातले बहुतेक गैरसमज त्या एका वाक्यात आहेत.

अडॅप्टर दोन जातींचे असतात. एकात नुसती जोडणी असते: लहान कार्डाचे तांब्याचे संपर्क मोठ्या कार्डाच्या जागी नेऊन ठेवायचे, बस. दुसऱ्यात चिप असते आणि ती दुभाष्याचं काम करते. कार्डाचं म्हणणं कन्सोलला समजेल अशा भाषेत सांगते. पण दुभाषा कितीही चांगला असला तरी समोरच्याने ऐकायचं की नाही, हे समोरचाच ठरवतो. कार्डावर काय ठेवू द्यायचं, किती ठेवू द्यायचं आणि तिथून गेम चालवायचा की नाही, हे कन्सोलच्या सॉफ्टवेअरच्या हातात असतं.

गैरसमज : मोबाइलचं कार्ड अडॅप्टरमध्ये घातलं की पीएस-२ चं मेमरी कार्ड तयार

पीएस-२ चं, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन-२ चं, मूळ कार्ड ८ एमबीचं. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही कधीकधी त्यात मावणार नाही. तरी ते पुरायचं, कारण त्यात गेम नसतोच. असते ती फक्त खेळाची नोंद: कितवी लेव्हल, किती पैसे, कोणती गाडी उघडली. अशी एक नोंद काही दहा किंवा काही शे केबींची. त्याआधीच्या पहिल्या प्लेस्टेशनचं कार्ड तर १२८ केबीचं होतं आणि त्यात वापरायला १५ कप्पे मिळायचे.

सोनीने पीएस-२ च्या कार्डात मॅजिकगेट नावाची ओळखपरेड बसवली होती. कार्ड खाचेत गेलं की कन्सोल आधी त्याची खातरजमा करतो, मगच बोलणं सुरू. मोबाइलच्या मायक्रोएसडीला ही परेड ठाऊकच नाही. ऑनलाइन बाजारात हल्ली पीएस-२ च्या कार्डाच्या खाचेत बसणारा आणि पोटात मायक्रोएसडी घेणारा अडॅप्टर मिळतो. ती फसवणूक नाही, वस्तू खरी आहे. पण ती वाचायला हौशी मंडळींनी लिहिलेले वेगळे प्रोग्राम लागतात आणि ते सुरू करायला बहुधा दुसऱ्या खाचेत खास तयार केलेलं कार्ड. हे काही नसताना अडॅप्टर खोचून डबा चालू केलात, तर कन्सोलच्या मेनूत त्या कार्डाचं नावही दिसणार नाही. ज्याला फक्त गेम सेव्ह करायचा आहे, त्याने साधं ८ एमबीचं कार्ड शोधावं. ६४ किंवा १२८ एमबी लिहिलेली कार्डं इतर कंपन्यांची असतात आणि काही गेमांशी त्यांचं जमत नाही.

याच डब्यावर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कही चालतात, म्हणून आणखी एक घोळ होतो. त्या जुन्या गेमांना जुनंच कार्ड लागतं. त्यांची नोंद पीएस-२ च्या कार्डावर नकलून जपून ठेवता येते, पण गेम ती तिथून वाचत नाही. खेळायचं तर परत जुन्या कार्डावर न्यायची.

पीएस-२ भारतात उशिरापर्यंत विकला गेला, हे विसरू नये. जपानमध्ये तो मार्च २००० मध्ये आला आणि उत्पादन थांबल्याचं २०१३ च्या सुरुवातीला जाहीर झालं. पीएस-३ बाजारात येऊन काही वर्षं उलटल्यावर, २००९ मध्ये, हैदराबादेत 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे गेम या जुन्या डब्यासाठी तयार झाले, २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आला. जगाने नव्या यंत्राकडे पाहायला सुरुवात केली होती आणि आपल्याकडे जुन्यावर नवे गेम निघत होते. काटोलसारख्या गावात आजही पीएस-२ च्या कार्डाची चौकशी होते, याचं नवल वाटायचं कारण नाही.

गैरसमज : पीएस-३ ला अडॅप्टर लावला की जुन्या कार्डावरून थेट खेळता येतं

सोनीने स्वतः काढलेला असा अडॅप्टर होता. २००६ मध्ये पीएस-३ सोबतच तो अमेरिकेत आला. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला जुन्या कार्डाची खाच. त्याचं काम एकच: जुन्या कार्डावरच्या नोंदी पीएस-३ च्या हार्ड डिस्कवर नकलणं. त्याआधी पीएस-३ च्या मेनूत जाऊन 'अंतर्गत मेमरी कार्ड' तयार करावं लागतं. हे कार्ड हातात धरता येत नाही. ती हार्ड डिस्कवरची एक फाइल असते आणि गेम तिलाच कार्ड मानतो. नक्कल झाली की अडॅप्टर काढून कपाटात ठेवायचा. काही गेमांच्या नोंदींना नकलेची बंदी असते, त्या येत नाहीत.

नोंद आली तरी गेम चालला पाहिजे ना! पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क सगळ्या पीएस-३ वर चालतात. पीएस-२ च्या डिस्क मात्र पीएस-३ च्या सुरुवातीच्या काही मॉडेलांवरच चालतात. नंतरचा सडपातळ डबा घरात असेल, तर हा अडॅप्टर शोधण्यात पैसे घालवण्याआधी एवढं पाहा.

गैरसमज : पेन ड्राइव्ह किंवा कार्ड महागातलं घेतलं की पीएस-२ अडखळत नाही

पीएस-२ चं यूएसबी १.१ पिढीचं आहे. कागदावरचा वेग सेकंदाला दीड एमबी, प्रत्यक्षात त्याहून कमी. त्याच डब्याचा डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला पाच एमबींहून जास्त वाचतो. पुढे कितीही वेगवान कार्ड जोडा, दार तेवढंच अरुंद राहणार. पेन ड्राइव्हवरून चालवलेल्या गेममधला व्हिडिओ तुटक चालतो तो याने. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही.

गैरसमज : मायक्रोएसडीच्या अडॅप्टरमध्ये चिप असते आणि कार्ड 'लॉक' होतं

हा अडॅप्टर एकदा नीट हातात घेऊन बघा. काळं प्लास्टिक, एका बाजूला सोनेरी पट्ट्या. मोजल्या तर नऊ. आत जाणाऱ्या मायक्रोएसडीला आठ. नववी फक्त जमिनीची, म्हणजे अर्थिंगची जादा जोडणी. आत आठ तारा सरळ इकडून तिकडे, चिप वगैरे काही नाही. त्यामुळे एरवी तो स्वतः वेग खातही नाही आणि वाढवतही नाही.

डाव्या कडेला जे इवलंसं सरकणारं बटण असतं, त्याला आत कशाचीच तार जोडलेली नसते. तो प्लास्टिकचा तुकडा. खाचेतला एक लहान स्विच हा तुकडा वर आहे की खाली ते पाहतो आणि कन्सोल किंवा लॅपटॉप त्यावरून ठरवतो की लिहायचं नाही. कार्डाच्या आतला डेटा यात कुठेही कुलूपबंद होत नाही. जुन्या अडॅप्टरचं हे बटण सैल होतं आणि खोचताना आपोआप खाली घसरतं. कार्डावर लिहिता येत नाही असा निरोप आला, की फॉरमॅटचा विचार करण्याआधी हे बटण वर सरकवा. तरी जमलं नाही तर दुसरा अडॅप्टर. वीस-तीस रुपयांची वस्तू, तिच्यासाठी कार्ड पुसू नका.

अडॅप्टर आकार बदलतो, कार्डाची जात बदलत नाही. २ जीबीपर्यंत साधं एसडी, ३२ पर्यंत एसडीएचसी, त्यापुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. निन्टेन्डोच्या वी या डब्याला पुढच्या झाकणामागे एसडीची खाच आहे, पण एसडीएचसी कार्ड त्याला २००९ च्या मेनू ४.० पासूनच समजू लागलं. जुन्या मेनूचा वी आणि ८ जीबीचं कार्ड यांची गाठ कुठलाच अडॅप्टर घालून देणार नाही.

गैरसमज : ६४ जीबीचं कार्ड ५९ दाखवतं, म्हणजे दुकानदाराने फसवलं

नाही फसवलं. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. ६४ चे त्या हिशेबाने ५९.६ होतात. खरं फसवं कार्ड उलट आकडा अगदी बरोबर दाखवतं. त्याच्या आतल्या चिपलाच खोटं सांगायला शिकवलेलं असतं. ८ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक, पुढचं लिहिलेलं हवेत. असं कार्ड ओळखायचा खात्रीचा मार्ग: पूर्ण भरायचं आणि परत वाचून पडताळायचं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री हे फुकट प्रोग्राम तेच करतात. वेळ खातात, पण सुट्टीतल्या दुपारी लावून ठेवायला हरकत नाही.

गैरसमज : लॅपटॉप 'फॉरमॅट करा' म्हणतो, म्हणजे कार्ड खराब झालं

आता ज्या वस्तूमुळे सगळ्यात जास्त रडारड होते ती. टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायची काडी, सोबत दोन बिनतारी रिमोट आणि खोक्यावर 'दहा हजार गेम'. या गेम स्टिकचा सगळा संसार बहुधा एका मायक्रोएसडीवर असतो. खोक्यावर कार्डाला टीएफ म्हटलेलं असतं, ते मायक्रोएसडीच. आत गेम असतात आणि अनेक मॉडेलांत यंत्र चालवणारी प्रणालीही तिथेच.

हे कार्ड अडॅप्टरमधून विंडोजच्या लॅपटॉपला लावलं की काही वेळा दोन-तीन ड्राइव्ह दिसतात आणि खिडकी उघडते: वापरण्याआधी फॉरमॅट करा. कारण त्यातले काही भाग लिनक्सच्या पद्धतीचे असतात आणि विंडोजला ती मांडणी वाचता येत नाही. कार्डाला काही झालेलं नसतं. इथे 'हो' दाबलं की काडी मेलीच समजा. पुढच्या वेळी टीव्हीवर काळा पडदा. बरोबर क्रम असा: खिडकी बंद करायची, पूर्ण कार्डाची इमेज फाइल लॅपटॉपवर घ्यायची, ती चांगल्या कंपनीच्या तेवढ्याच किंवा मोठ्या कार्डावर उतरवायची आणि मूळ कार्ड बाजूला ठेवायचं. नुसत्या फाइली कॉपी-पेस्ट करून भागत नाही.

दहा हजारांचं म्हणाल, तर एकच गेम वेगवेगळ्या नावांनी आणि देशांच्या आवृत्त्यांनी मोजलेला असतो. बहुतेकांचे हक्क विकणाऱ्याकडे नसतात, हेही लक्षात असू द्या.

गैरसमज : स्विचचं कार्ड काढून मित्राकडे नेलं की आपली लेव्हल सोबत जाते

निन्टेन्डो स्विचमध्ये मायक्रोएसडीवर उतरवलेले गेम, फोटो आणि व्हिडिओ जातात. खेळाची नोंद कन्सोलच्या पोटातच राहते. पीएस-२ ची सवय असलेल्या थोरल्या भावाला हे पटत नाही. ५ जून २०२५ ला आलेल्या स्विच-२ ने आणखी एक गाठ घातली: गेमसाठी फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस चालतं. आकार तोच, पण मागे संपर्कांची एक जादा ओळ. जुनं कार्ड खाचेत बसतं, पण त्यावरून फक्त जुने फोटो-व्हिडिओ आणता येतात.

पीएस-४ आणि पीएस-५ वाल्यांचा प्रश्न वेगळा. कार्ड रीडरमध्ये मायक्रोएसडी घालून गेम साठवू, ही युक्ती छोट्या कार्डाला लागू पडत नाही. गेमच्या साठ्यासाठी यूएसबी साधन किमान २५० जीबीचं लागतं, आणि हबमधून जोडलेलं चालत नाही. पीएस-५ चे गेम अशा साध्या साधनावर ठेवता येतात, पण तिथून चालत नाहीत. पीएस-४ चे चालतात. पीएस-४ वरच्या नोंदी मात्र छोट्या कार्डावरही सुखाने नकलता येतात. पीएस-५ च्या गेमच्या नोंदींना ती सोय नाही, त्यांना पैसे भरून मिळणारं क्लाउडच.

गैरसमज : फुंकर मारली की चालतं

कॅसेटच्या काळापासूनचा हा उपाय. चालतं ते काढून पुन्हा खोचल्यामुळे. संपर्क घासले जातात. फुंकरीतून जाते ती ओल, आणि निन्टेन्डोने स्वतः असं करू नका म्हणून बजावलं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर टीव्हीच्या शेजारीच कूलर असतो, ओल कमी नसतेच. कोरड्या कापडाने पुसा. फारच काळवंडलं असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने लावा आणि पूर्ण वाळू द्या.

लाईन गेली तर कार्ड जळतं, असंही म्हणतात. सहसा जळत नाही. सेव्ह होत असताना वीज गेली, तर कुठली नोंद कुठे ठेवली याची यादी अर्धी राहते आणि कार्ड कोरं किंवा बिघडलेलं दिसतं. पडद्यावर 'कार्ड काढू नका' लिहून येतं ते त्या काही सेकंदांसाठी. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी टीव्हीसोबत डबाही त्यावर घ्यावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दोन कार्डांवर आळीपाळीने सेव्ह करावं. पीएस-२ ला खाचा दोन आहेत त्या उगाच नाहीत.

आणि अडॅप्टर घ्यायला जाण्याआधी डबा उलटा करून मागच्या किंवा खालच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल क्रमांक मोबाइलमध्ये टिपून न्या. दुकानात 'बसतं का' असं विचारू नका. 'या मॉडेलवर गेम सेव्ह होतो का' असं विचारा, आणि शक्य असेल तर डबा सोबत नेऊन तिथेच लावून बघा.