पाठमोरी शर्यत

मुंबईतल्या काळाचौकीपासून समुद्र लांब नाही. शिवडी स्टेशनचे रूळ ओलांडले की गोदामं, त्यापुढे जेट्टी, चिखल आणि थंडीत आलेले रोहित पक्षी. पण इथल्या पोरांचा खेळ पाण्यातला नाही, मातीतला. शहीद भगतसिंग मैदानावर कबड्डीचा दम घुमायचा, कारण या खेळाला चुना आणि चड्डी पुरते. शिवाय चांगला चढाईपटू असला की गिरणीत, रेल्वेत, बँकेत चिकटायची सोय व्हायची. खेळ म्हणजे नोकरी, हे गिरणगावाला कुणी शिकवावं लागलं नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्या नोकऱ्यांतली गिरणीची वाट हळूहळू बुजली. काळाचौकीतली इंडिया युनायटेड मिल, नंबर दोन-तीन, आता वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयासाठी ठरली आहे.

हे सगळं रोइंगच्या लेखात कशाला? कारण आपल्याकडे हा महागडा खेळही शेवटी त्याच वाटेने जिंकला गेला.

चौघांची होडी, म्हणजे क्वाड्रपल स्कल्स, बघितल्याशिवाय तिच्या महागाईचा अंदाज येत नाही. लांबी बारा-तेरा मीटर, म्हणजे बेस्टच्या बसएवढी. वजन मात्र नियमाने किमान 52 किलो, म्हणजे हमालाच्या पाठीवरच्या तांदळाच्या पोत्यापेक्षा जेमतेम जास्त. अंग कार्बन फायबरचं, किंमत लाखांत. प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. बैठक चाकांवर पुढे-मागे सरकते आणि बूट होडीलाच जखडलेले असतात. त्यामुळे जोर हातांपेक्षा मांड्यांचा लागतो. सुकाणू धरायला वेगळा माणूस नसतो. चौघांपैकी एकजण पायानेच दिशा सांभाळतो. एकाचं वल्हं क्षणभर उशिरा पाण्यात पडलं की होडी कलते आणि बाकी तिघांची मेहनत पाण्यात जाते, अगदी शब्दशः. कबड्डीत एखादा मोहरा सात जणांना तारून नेतो. इथे तसा मोहरा नसतो.

अशा होडीत नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला माणूस बसला, हेच मुळात अजब. तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने पाणी पाहिलं ते विहीर खणताना. दुष्काळी भाग, बापाबरोबर विहिरी खोदायच्या, शेतात राबायचं, पेट्रोल पंपावर काम करायचं. 2011 मध्ये वडील गेले. 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. भरतीमागे पदकाचं स्वप्न नव्हतं, महिन्याचा पगार होता. त्याची उंची पाहून प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याला होडीत बसवलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटे. चार वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकला गेला, रोइंगमधला भारताचा एकटा खेळाडू म्हणून. आई तेव्हा अपघातात डोक्याला मार लागून आजारी होती. एकेरीत तो तेरावा आला. तेरावा म्हटलं की आपल्याकडे वर्तमानपत्राचं पान उलटतात. जगात तेरावा म्हणजे काय, ते त्या पाण्यातल्यांना विचारावं.

पुण्यात दापोडीला सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सैन्याचं रोइंग केंद्र आहे. शेतकऱ्यांची, शिपायांची पोरं तिथे लाखांच्या होड्या वल्हवतात. क्लबची वर्गणी भरणारे शौकीन वेगळे. इथे रोज सकाळी पाण्यात उतरणं ही ड्यूटी असते. दत्तूचे होडीतले सोबतीही असेच फौजेतले. स्वर्ण सिंग आणि सुखमीत सिंग पंजाबच्या मानसा जिल्ह्यातले, ओमप्रकाश राजस्थानचा. स्वर्ण सिंग 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये उतरलेला, त्यानंतर पाठीच्या दुखण्याने हैराण.

मंदीच्या काळात अमेरिकेत असाच एक संघ घडला होता. वॉशिंग्टन विद्यापीठाची आठ जणांची होडी. त्यातला जो रँट्झ पोरवयातच घरच्यांनी मागे टाकलेला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांनी इटलीला सहा दशांश सेकंदाने मागे टाकलं आणि यजमान जर्मनी तिसरी आली. त्यांचा लय ठरवणारा वल्हेकरी डॉन ह्यूम त्या दिवशी आजारी होता. त्या पोरांना शिक्षण टिकवायचं होतं, आपल्या पोरांना पगार. फरक एवढाच.

पालेंबांगला, 2018 च्या आशियाई स्पर्धेत, 23 ऑगस्टचा दिवस भारताच्या रोइंगसाठी काळाच गेला. पदकांच्या आशा एकामागून एक विझल्या. ज्याच्यावर सर्वांत जास्त भिस्त होती त्या दत्तूचं एकेरीच्या अंतिम फेरीत अंगातलं त्राणच गेलं आणि तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी त्यालाच चौघांच्या होडीत बसायचं होतं. अशा वेळी संघात कुणी बदल सुचवला असता तर तो चुकीचाही म्हणता आला नसता.

24 ऑगस्टला चौघे दोन हजार मीटर 6 मिनिटं 17.13 सेकंदांत पार करून पहिले आले. यजमान इंडोनेशिया साडेतीन सेकंदांच्या आसपास मागे, त्यानंतर थायलंड. आशियाई स्पर्धेत रोइंगमधलं भारताचं हे दुसरं सुवर्ण. पहिलं 2010 मध्ये ग्वांगझूला बजरंगलाल ताखरचं, तोही फौजीच.

या खेळात वल्हवणारा पाठमोरा बसतो. पोहोचायचं ठिकाण त्याला दिसत नाही. दिसतात ते मागे पडलेले. आदल्या दिवशी शेवटच्या होडीतून दत्तूला समोर नुसतं रिकामं पाणी दिसलं असणार. त्या शुक्रवारी त्याच तळ्यावर त्याच्या डोळ्यांसमोर इंडोनेशियाची होडी होती, आणि ती लहान होत चालली होती.