'उत्तरायण'मध्ये 'ण', मग 'दक्षिणायन'मध्ये 'न' का? जाणून घ्या सूर्याच्या वळणाचे शब्द

मकर संक्रांत आली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आजपासून उत्तरायण' असे मेसेज फिरतात. जूनमध्ये कुणी 'दक्षिणायण' असेही लिहितो. पहिल्यात तारीख चुकते, दुसऱ्यात अक्षर.

शब्द कसा बनला?

उत्तर + अयन = उत्तरायण. 'अयन' म्हणजे जाणे, मार्ग. संस्कृतात 'र' किंवा 'ष'नंतर येणारा 'न' बदलून 'ण' होतो. मध्ये स्वर, य, व, ह, 'क' किंवा 'प' वर्गातली अक्षरे असली तरी चालतात. म्हणूनच 'रामायण'. 'दक्षिण'च्या 'क्ष'मध्ये 'ष' आहे, पण नंतरचा 'ण' आडवा येतो आणि नियम तिथेच अडतो. म्हणून दक्षिणायन.

नॉर्वेत काय म्हणतात?

नॉर्वेजियन भाषेत या दिवसाला 'सूलव्हॅर्व' म्हणतात. 'सूल' म्हणजे सूर्य, 'व्हॅर्व' म्हणजे वळणे. तिथल्या ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तिथे हे वळण किती मोलाचे असेल! इंग्रजी 'सोल्स्टिस' लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ सूर्याचे थांबणे. वळण्याआधी काही दिवस सूर्योदयाची जागा सरकत नाहीशी वाटते, म्हणून हे नाव. म्हणजे एका भाषेने थांबणे पाहिले, दुसरीने वळणे, आपण पुढचा प्रवास.

मग संक्रांतीला काय होते?

सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. संक्रांतीला तो पंचांगानुसार मकर राशीत जातो. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी दोन्ही घटना एकाच सुमारास होत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथ डुलत असल्याने साधारण ७२ वर्षांत एक दिवस, असे अंतर वाढत आता ते २४ दिवसांच्या आसपास गेले आहे.

घरातून कसे पाहाल?

अंधेरी असो वा मुलुंड, डिसेंबरअखेर दुपारी सूर्य दक्षिणेला फक्त ४७ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पश्चिमेला खिडकी असेल तर सूर्य कोणत्या टॉवरमागे मावळतो, याचा फोटो दर महिन्याला एकाच जागेवरून काढा. जून ते डिसेंबर ही जागा सुमारे ५० अंश सरकते. 'अयन' म्हणजे काय, ते मोबाइलच्या गॅलरीतच दिसेल.