नर्सचा दिवस : रायपूरचा आणि श्टुटगार्टचा

रविवारी सकाळी बुढा तालाबची फेरी आटोपून मी बुढापाऱ्यातल्या घरी येते आणि दुपारी दोन्ही भाच्यांचा एकत्र व्हिडिओ कॉल येतो. भावाच्या मुली, दोघी नर्स. थोरली इथेच रायपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात, धाकटी जर्मनीत श्टुटगार्टला.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि दहावी-बारावीच्या मुलांकडून व्यवसाय निवडीसाठी आवडीच्या प्रश्नावल्या शेकड्यांनी भरून घेतल्या. या चाचण्यांचा पाया स्टॅनफर्डच्या एडवर्ड स्ट्राँग यांनी १९२७ मध्ये घातला. ‘डॉक्टर व्हायला आवडेल का?’ असं विचारून ते थांबत नसत. शेकडो बारीकसारीक गोष्टींबद्दल आवडतं, नावडतं की काहीच वाटत नाही, एवढंच विचारायचं आणि ती उत्तरं एखाद्या व्यवसायात मुरलेल्या माणसांच्या उत्तरांशी ताडून बघायची. पण मुरलेली माणसं कुठल्या देशातली? वॉल्टर लॉनर यांनी १९६८ मध्ये जर्मन, ऑस्ट्रियन आणि स्विस मानसशास्त्रज्ञांच्या आवडी अमेरिकनांशी ताडल्या, तेव्हा त्या बऱ्याच जुळल्या होत्या. नर्सचंही तसंच असेल असं मी धरून चालले होते.

एका रविवारी बारा प्रश्न काढून दोघींना विचारले. रोग्याशी बोलणं, रात्री एखाद्याचा श्वास बदलला तर चटकन लक्षात येणं, नव्या मुलींना शिकवणं : दोघींचं ‘आवडतं’. मग आलं अंग पुसणं. थोरली लगेच म्हणाली, “आत्या, ते नातेवाईक करतात नाहीतर आया. आम्हाला वेळ कुठे असतो?” तिची खरी आवड शीर शोधण्यात. तापाने सुकलेल्या लहान मुलाच्या हातात पहिल्याच झटक्यात सुई गेली की तिचा दिवस चांगला जातो.

धाकटी चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग करून गेली, जर्मन शिकून गेली, आणि पहिल्या महिन्यात रडली. तिच्या वॉर्डात रक्त काढायचं काम डॉक्टरांचं. सकाळी म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, दात घासून देणं, भरवणं हे तिचं. “यासाठी शिकले का, असं वाटायचं,” ती म्हणाली. आता मात्र तिने ‘आवडतं’ सांगितलं. अंग पुसताना टाच आणि माकडहाड बघायचं. तिथे लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावरही पांढरा पडला नाही, लालच राहिला, तर तिथे व्रण होऊ घातलाय. “अंग पुसल्याशिवाय हे कळणार कसं?”

म्हणजे नाव एक आणि दिवस दोन. आवड आधी होती की कामाने लावली, हेही अशा तुलनेत गुंतलेलं असतं. शिवाय परदेशी जाणारी मुलगी चारचौघींसारखी नसतेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्याच बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. जाणाऱ्या मुलींना तिथला दिवस कसा असतो हे आधी कोणीतरी सांगायला हवं, असं मला फार कळकळीने वाटतं.

माझ्या जुन्या प्रश्नावलीतली मोठी चूक त्या प्रश्नांच्या रविवारी सापडली. तिच्यात प्रश्न होता, ‘रुग्णांची सेवा करायला आवडेल का?’ सेवा म्हटल्यावर आपल्याकडे नाही कोण म्हणेल? तो शब्द काम सांगत नाही, माणसाचा चांगुलपणा तपासतो. इतकी वर्षं सगळ्या मुली ‘आवडेल’वर खूण करत होत्या आणि मी ती खरी धरत होते. शब्दांचं म्हणाल तर, आमच्या बुढापाऱ्यातली शाळा माधवराव सप्रे यांच्या नावाची आहे. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणणारा हा माणूस. एका भाषेतला शब्द दुसरीत नेताना काय सांडतं हे त्यांना पानोपानी दिसलं असणार. मला ते ‘सेवा’च्या एका ओळीत इतक्या उशिरा दिसलं.

प्रश्न नव्याने लिहिले. सातवा आता असा आहे : ‘अनोळखी म्हाताऱ्या माणसाला रोज बेडपॅन द्यायला, नंतर पुसून स्वच्छ करायला कसं वाटेल?’

गेल्या महिन्यात गल्लीतली बारावीची मुलगी आली. आईला तिला नर्स करायचंय. सातव्या प्रश्नावर तिने बराच वेळ पेन्सिल टेकवून ठेवली. “रोज?” तिने विचारलं.

“रोज.”

तिने ‘नावडेल’वर खूण केली आणि आईकडे बघितलं. मी लॅबोरेटरीच्या कोर्सचा कागद काढला.